थेरपिस्ट बाईंवरचे आरोपपत्र

ग्रंथालयातून आणलेल्या रहस्यकादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरा मारायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ‘बोअर’, ‘शेवट गुंडाळला’, ‘खुनी पुतण्याच, वेळ घालवू नका’. ग्रंथपाल या शेऱ्यांवर चिडतात. मी ते आधी वाचतो, कारण छापील परीक्षणात सौजन्यापोटी जे गाळले जाते ते तिथे दोन शब्दांत लिहिलेले असते. यवतमाळ काय, पुसद काय, वणी काय, रहस्यकादंबऱ्यांचे वाचक भेटले की अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या कादंबरीबद्दल असाच एक ठरीव शेरा ऐकू येतो. ती इंग्रजीतून वाचलेली असो की अनुवादातून, नायिका मानसोपचारतज्ज्ञ असली की निकाल तयार असतो: ‘गोष्ट बरी आहे, पण बाई पटत नाही.’

बाई का पटत नाही याची कारणेही तयार आहेत आणि ती सांगणारी माणसे अडाणी नाहीत. त्यांनी आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या आहेत, प्रेमाने वाचल्या आहेत. म्हणूनच त्यांचे मत तसेच सोडून देणे मला जमत नाही.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा, ही आपल्या वादपद्धतीची पहिली अट. तो असा. थेरपिस्टचे काम खोलीत बसून ऐकण्याचे. ती खुनाच्या जागी जाते कशाला, पोलिस काय झोपलेत? बरे, जाते ती रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पदरात घेऊन जाते, म्हणजे पेशाच्या पहिल्याच नियमाला हरताळ. त्यात ती स्वतः धड नसते. तिला झोप येत नाही, घरच्यांशी तिचे पटत नाही, भूतकाळात काहीतरी भयंकर दडलेले असते. जिला स्वतःचे मन सावरत नाही ती दुसऱ्याचे काय सावरणार? कथा तर इतकी संथ की शंभर पानांपर्यंत काही घडतच नाही. आणि शेवटी खास आपल्याकडचा आक्षेप: ही लंडन-ऑस्लोची थेरं, आमच्या कापसाच्या जिल्ह्यात थेरपिस्ट कुणाला ठाऊक?

यांतला एकही आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तरीही माझे म्हणणे असे की हे पाचही आक्षेप टिकत नाहीत, आणि जो आक्षेप खरोखर घ्यायला हवा तो या वाचकांनी घेतलेलाच नाही. पुरावा पुढे ठेवतो. निवाडा तुम्ही करा.

आधी ज्यांच्याबद्दल बोलायचे त्यांची ओळख. निकी फ्रेंच हे एका व्यक्तीचे नाव नव्हे. निकी जेरार्ड आणि शॉन फ्रेंच या पती-पत्नींचे ते टोपणनाव. त्यांची लंडनची मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा क्लाइन २०११ मध्ये ‘ब्लू मंडे’ या कादंबरीत आली आणि २०१८ पर्यंत आठ कादंबऱ्या चालली. नॉर्वेच्या हेलेन फ्लूड स्वतः मानसशास्त्रज्ञ. २०१९ साली आलेल्या त्यांच्या कादंबरीतली सारा ऑस्लोत घरातच दवाखाना चालवते. नवरा निरोप ठेवतो की मी मित्रांबरोबर सुट्टीच्या घरी पोचलो. थोड्या वेळाने मित्र फोन करतात की तो आलाच नाही. या दोघींची थोरली बहीण पडद्यावरची: १९४५ च्या हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मधली डॉ. कॉन्स्टन्स पीटरसन, म्हणजे इन्ग्रिड बर्गमन. स्मृती गेलेल्या, खुनाचा संशय असलेल्या माणसाचे स्वप्न उलगडून ती खरा गुन्हेगार हुडकते. म्हणजे ही नायिका काल-परवाची टूम नाही. तिने पाऊणशे वर्षे केव्हाच ओलांडली.

‘बसून ऐकणारी बाई गुन्हा कसा उलगडणार?’ असे विचारणाऱ्यांनी आपलीच आवडती पुस्तके आठवावीत. एडगर अ‍ॅलन पोचा द्युपाँ १८४२ सालच्या मारी रोजेच्या गोष्टीत वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचूनच तर्क लढवतो. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल विणकाम करता करता गावगप्पा ऐकते आणि खुनी सांगते. पॉयरोला धावपळीचा तिटकारा. हे सगळे आपल्याला पटते. पटते एवढेच नाही, आपण त्यावर फिदा आहोत. मग ज्या बाईचे ऐकणे हाच व्यवसाय, जिने त्याचे रीतसर शिक्षण घेतले, तिच्यापाशी येऊन आपली श्रद्धा एकाएकी का आटते?

इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांचा १९७९ चा एक निबंध या वादात फार उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तीन माणसे एकच पद्धत वापरत होती, असे त्यांनी दाखवले. चित्र अस्सल की नकली हे ठरवताना जोव्हानी मोरेल्ली चित्रातला चेहरा पाहत नसे. तो कानाची पाळी आणि बोटांची नखे पाहायचा, कारण नक्कल करणाऱ्याचे लक्ष तिथे ढिले पडते. शेरलॉक होम्स सिगारची राख पाहायचा. फ्रॉइड बोलता बोलता निसटलेला चुकीचा शब्द पकडायचा. क्षुल्लक म्हणून टाकून दिलेल्या खुणेतून दडलेले सत्य गाठायचे, ही तिघांची रीत. आणि तिघांच्या मागे वैद्यकी: मोरेल्ली वैद्यक शिकलेला, फ्रॉइड डॉक्टर, होम्सचा कर्ता कॉनन डॉयलही डॉक्टर. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ ही रहस्यकथेत आगंतुक घुसलेली पाहुणी नाही. ती आणि गुप्तहेर एकाच घराण्यातले.

इथे एक अडचणीचा प्रश्न विचारतो. जोनाथन केलरमन या अमेरिकी लेखकाचा नायक अ‍ॅलेक्स डेलावेअर बालमानसशास्त्रज्ञ आहे. लेखकही त्याच पेशातला. १९८५ पासून हा गृहस्थ लॉस एंजेलिसच्या पोलिस खात्यातल्या मायलो स्टर्जिस या मित्राबरोबर खुनाच्या जागा पालथ्या घालतो आहे. इतक्या वर्षांत कुणी विचारले का, की बाबा रे, दवाखाना कोण बघतो? आपल्याकडे सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास न्यायालयाबाहेर पडून खुनाचा माग काढायचा. वकिलाने हे का करावे, असे कुणा वाचकाला वाटले नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळा पहाड तर कायद्याला धाब्यावर बसवत आणि आपण टाळ्या वाजवत होतो. पुरुषाने पेशाची वेस ओलांडली की ते धाडस, बाईने ओलांडली की ती नसती उठाठेव. या आक्षेपाला तर्क म्हणायचे की सवय, ते तुम्हीच ठरवा.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र जड आहे. रुग्णाचे गुपित फोडणारी थेरपिस्ट खऱ्या आयुष्यात कुणालाच नको, मलाही नको. पण चांगल्या कादंबरीत हा नियम लेखकाच्या विसरभोळेपणाने मोडत नाही. तो मोडावा की नाही, याच प्रश्नावर कादंबरी उभी असते.

‘ब्लू मंडे’ घ्या. अ‍ॅलन डेकर हा घाबरलेला, झोप उडालेला माणूस फ्रीडाकडे येतो. त्याला मूल हवे आहे. नुसते मूल नव्हे. आपल्यासारखाच, तांबड्या केसांचा मुलगा. तो त्याच्या स्वप्नात येतो. त्याच सुमारास तशाच वर्णनाचा पाच वर्षांचा मुलगा बेपत्ता होतो. आता फ्रीडाच्या खुर्चीत स्वतःला बसवून पाहा. समोरचा माणूस गुन्हेगार आहे असे तुमचे मन म्हणत नाही. त्याची तडफड खरी वाटते. पण शब्द जुळताहेत. गप्प बसलात तर एखादे पोर जिवाला मुकेल. बोललात तर ज्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मन दाखवले त्या माणसाला पोलिसांच्या हवाली केल्यासारखे होईल, आणि तो निर्दोष निघाला तर पुन्हा कधीच कुणापाशी तोंड उघडणार नाही. ती इन्स्पेक्टर कार्लसनकडे जाते, पण तिच्या पायात मणामणाचे ओझे आहे. तिथे तिचे स्वागतही कुणी हारतुरे घेऊन करत नाही. पुढे काय होते ते सांगत नाही; ज्यांनी वाचली नाही त्यांचा आनंद मारायचा मला अधिकार नाही.

ही अडचण लेखकांच्या डोक्यातून निघालेली नाही. प्रोसेनजित पोद्दार हा भारतातून कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठात शिकायला गेलेला विद्यार्थी. तात्याना तारासॉफ या मुलीवर त्याचा जीव जडला, नकार मिळाल्यावर तो खचला, आणि १९६९ साली उपचारांसाठी विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञापुढे बसून तिला मारण्याचा विचार बोलून गेला. त्या मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी पोद्दारची चौकशी केली, तो शुद्धीवर दिसला, सोडून दिला. मुलीला कुणी काही सांगितले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने तिचा खून केला. आईवडील न्यायालयात गेले आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्याला वाचवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर येते. गुपिताचे बंधन तिथे सैल होते.

आपला कायदाही हे बंधन सैल करतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते आणि त्याच कलमात अपवादही घालते: दुसऱ्या कुणाला इजा किंवा हिंसा होऊ नये म्हणून आवश्यक असेल तेवढे सांगता येते. आवश्यक असेल तेवढेच. आता ‘तेवढे’ म्हणजे किती, हे त्या क्षणी कोण सांगणार? समोर रुग्ण, बाहेर रांग, आणि हातात अर्धवट वाक्य. खुनापासून अंतिम निकालापर्यंत अमेरिकेतल्या न्यायालयांना सात वर्षे लागली. कादंबरीतल्या बाईने मात्र ही रेषा एका रात्रीत बिनचूक ओळखावी, अशी आपली अपेक्षा!

मूळ मुद्दा हाच आहे. पोलिसी कादंबरीत नायकाला ठाऊक नसते म्हणून रहस्य असते. या कादंबरीत नायिकेला ठाऊक असते आणि सांगता येत नाही, म्हणून रहस्य असते. दोन्ही प्रकार सारख्याच मापाने मोजले की दुसरा उणा भरणारच.

‘ती स्वतःच मोडलेली आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ‘थर्सडेज चिल्ड्रन’ ही मालिकेतली चौथी कादंबरी पुन्हा चाळावी. शाळेतली एक जुनी मैत्रीण आपल्या वयात आलेल्या मुलीला फ्रीडाकडे आणते. मुलगी सांगते ते तिच्या आईलाच खरे वाटत नाही. फ्रीडाला वाटते, कारण त्या मुलीच्या तोंडचे काही शब्द तिने स्वतः त्याच वयात, अंधारात, ऐकलेले होते आणि तेव्हा तिच्या आईनेही विश्वास ठेवला नव्हता. इथे नायिकेची जखम सजावटीला लावलेली नाही. तीच पुरावा आहे. ती जखम नसती तर कथानक पुढे सरकलेच नसते, कारण तो दुवा जुळवणारे दुसरे कुणीच नव्हते.

राहिला व्यवहारातला प्रश्न: दुखावलेले माणूस दुसऱ्याला बरे करू शकते का? मार्शा लाइनहॅन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुन्हा पुन्हा मरणाकडे ओढले जाणाऱ्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती घडवली, ती आज जगभर शिकवली जाते. २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की सतराव्या वर्षी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो. के रेडफील्ड जेमिसन या मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापिकेने १९९५ मध्ये स्वतःच्या उन्माद-अवसादाच्या आजारावर पुस्तक लिहिले. त्याच आजाराच्या त्या नामांकित अभ्यासक आहेत. एवढे लांब कशाला? पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने. हे काम त्यांनी कर्करोगाशी झुंजत केले. १९९७ मध्ये त्या गेल्या. त्याच मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेली माणसे नव्याने आलेल्यांना हात देतात. तिथे कुणी म्हणत नाही की आधी कधीच न पडलेला माणूस आणा. खऱ्या जगात जी गोष्ट आपण आदराने सांगतो, ती कादंबरीत दोष कशी ठरते?

जाता जाता आणखी एक. ‘खामोशी’ हा चित्रपट आठवतो? वहिदा रेहमानची नर्स राधा रुग्णांना बरे करण्यासाठी प्रेमाचे सोंग करते, तेही वरिष्ठ डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि शेवटी स्वतःच मनाने ढासळते. पेशाच्या दृष्टीने याहून गैर उपचार शोधून सापडणार नाही. आपण रुमाल ओले केले. डॉक्टरसाहेबांवर आक्षेप घेतलेला मी तरी ऐकला नाही.

संथपणाबद्दल फार बोलत नाही. ज्यांना पानोपानी प्रेत लागते त्यांच्यासाठी दुसरी पुस्तके आहेत आणि तीही मला आवडतात. पण नवऱ्याचा निरोप आणि मित्रांचा फोन यांच्यात जी पोकळी पडते, तिने साराच्या घरातल्या प्रत्येक आवाजाला जो अर्थ येतो, त्याला संथ म्हणणाऱ्याने एकदा रात्री घरात एकटे असताना ती पाने वाचावीत.

आता आपल्या अंगणातला आक्षेप: ‘हे यवतमाळचे नाही.’

मी उलट म्हणतो. ही नायिका लंडनपेक्षा यवतमाळची जास्त आहे.

फ्रीडाला झोप येत नाही तेव्हा ती मध्यरात्री घराबाहेर पडते आणि शहराच्या पोटात गाडलेल्या जुन्या नद्यांच्या मार्गाने चालत राहते. तिला कुणी ओळखत नाही. आमच्याकडची समुपदेशक बाई रात्री दहा वाजता दत्त चौकातून एकटी चालत गेली तर सकाळी सासूबाईंच्या कानावर ते तिच्या आधी पोचेल. लंडनच्या रुग्णाचे गुपित राखायला फ्रीडाला तोंड बंद ठेवले की पुरते. पुसदला किंवा पांढरकवड्याला ते पुरत नाही. इथे रुग्ण कुणाचा तरी मेहुणा असतो, कुणाच्या तरी शाळेचा माजी विद्यार्थी असतो. बाजारात भाजीच्या गाड्यावर तो समोर आला तर ओळख दाखवायची की नाही? दाखवली तर बरोबरची बायको विचारते, ‘ह्या मॅडम तुमाले कशा ओळखतात?’ नाही दाखवली तर तो समजतो, बाई आपल्याला वेडा समजतात. माणसे तोंडाला दुपट्टा बांधून येतात; शक्य असेल तर इथे येतच नाहीत, एसटीने नागपूर नाही तर अमरावती गाठतात. कुणी विचारले तर सांगायला एक पाहुणा आजारी असतो. आणि खोलीत आल्यावर? ‘नातेवाइकांनी बाहेर थांबा’ हे वाक्य बोलायला सोपे आहे. सून बोलायला तोंड उघडते तोवर उत्तर सासू देऊन मोकळी होते. सगळे बाहेर गेल्यावर, दार पूर्ण लागत नाही हे माहीत असल्याने, हलक्या आवाजात एखादा म्हणतो, ‘मॅडम, हे फक्त तुमाले सांगतो.’ त्या ‘फक्त’ शब्दात किती रहस्यकादंबऱ्या मावतील, मोजा.

म्हणणारे म्हणतील, पण इथे गुन्हा कुठे, शोध कशाचा? या प्रश्नाचे उत्तर देताना आवाज खाली आणावा लागतो. या जिल्ह्यात शेतकऱ्याने आयुष्य संपवले की कागद फिरू लागतात. पोलिसांचा पंचनामा विचारतो, मृत्यू कसा झाला. मग १ लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण समितीपुढे जाते आणि समिती विचारते: जमीन नावावर होती का, कर्ज थकले होते का, वसुलीचा तगादा होता का? उत्तरांवरून शिक्का पडतो, पात्र की अपात्र. कागदांच्या या सगळ्या प्रवासात त्या माणसाच्या मनात शेवटच्या महिन्यात काय चालले होते, हे विचारणारा रकाना नाही. असूही शकत नाही. तो समितीचा प्रांतच नव्हे. पण कुणाचा तरी असायला हवा ना? तो ज्याचा किंवा जिचा प्रांत, तिलाच तुम्ही म्हणता की तुझे इथे काय काम?

आणि ती इथे नाही, हेही खरे नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने बळीराजा चेतना अभियान सुरू केले ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला; गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर बोलून नैराश्य ओळखायला आणि उपचारांशी गाठ घालून द्यायला सुरुवात केली. दीड वर्षाने पाहणी केली तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले होते. २०१७ साली हे निष्कर्ष वैद्यकातल्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आले. लोक बोलत नाहीत, हा समज खोटा होता. ऐकणारे नव्हते. देशात लाखभर माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड वाट्याला येत नाही, हे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानेच २०१५-१६ मध्ये सांगितले. जी व्यक्ती इतकी दुर्मीळ आणि जिच्यापाशी इतके साठते, तिच्यावर कादंबरी लिहायची नाही तर कुणावर?

‘थेरपी ही परक्यांची’ हेही अर्धवट आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी पत्राने वाद घातला. नुसते शिष्यत्व पत्करले नाही. शंभर वर्षे झाली. आणखी किती वर्षांनी ती आपली होणार?

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटन मात्र याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केले, ज्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती आणि ज्या ‘तेरवं’ या नाटकातून आपल्यासारख्या बायकांचे जगणे रंगमंचावर मांडत होत्या. त्या बोलल्या तेव्हा मांडव शांत बसून ऐकत होता. इथल्या वाचकाला ऐकण्याची गोष्ट कळत नाही, असे मला तरी म्हणवणार नाही.

आता तो आक्षेप, जो घ्यायला हवा होता. या कादंबऱ्यांचा खरा अपराध नायिकेत नाही, खलनायकात आहे. थेरपिस्टच्या दारातून येणारा रुग्ण शेवटी खुनी निघतो. स्वभावातला विचित्रपणा, दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, ऐकू येणारे आवाज हेच गुन्ह्याचे कारण म्हणून खपवले जाते. अभ्यास वर्षानुवर्षे सांगताहेत की मानसिक आजार असलेला माणूस हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक. त्याला घरात कोंडले जाते, मारले जाते, देवस्थानात साखळीने बांधले जाते. कादंबरी मात्र त्याच्याच हातात सुरी देते, आणि वाचक उसासा टाकून म्हणतो, ‘वाटलंच होतं, तो वेडाच होता.’ या वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे कुठल्याही काल्पनिक बाईने गुपित फोडल्याने होत नाही. डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून दवाखान्याच्या दारापर्यंत आलेला एखादा तरुण हे वाक्य आठवून माघारी फिरतो. यावर आमचे चोखंदळ वाचक गप्प का? बाईंच्या झोपेची चौकशी करणाऱ्यांना रुग्णावर झालेला हा अन्याय दिसला कसा नाही?

चांगले लेखक हा खड्डा टाळतात. ‘स्पेलबाउंड’मध्ये ज्याच्यावर संशय तो स्मृती गेलेला माणूस निर्दोष ठरतो आणि गुन्हेगार निघतो तो मनोरुग्णालयाचा प्रतिष्ठित प्रमुख. हे १९४५ साली सुचले होते. त्यानंतर ऐंशी वर्षांनी लिहिणाऱ्याला ते सुचू नये, याला सबब नाही.

तेव्हा यवतमाळच्या मातीत ही कादंबरी लिहायला कुणी बसणार असेल तर माझ्या दोनच विनंत्या आहेत. बाईंना पोलिसांच्या जीपमध्ये बसवायची घाई करू नका. त्यांच्या खोलीचे दार नीट लागत नाही, तेवढे पुरेसे आहे. आणि त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला खुनी करायचेच असेल तर त्याला लोभ द्या, सूड द्या, सात-बाराचा तंटा द्या. आजार देऊ नका.

वाचकांना एवढेच सांगणे: बाईंवरचे पाचही आरोप पुराव्याअभावी फेटाळावेत. कथानकांवरचा सहावा आरोप दाखल करून घ्यावा.